मुखातील निरुपद्रवी जीवाणू आणि गंभीर आजार

संस्थेच्या वार्षिक अहवालात ताळेबंद, विभागवार कामकाज आणि देणगीदारांची नामावली यांबरोबरच सर्वसामान्य वाचकाला उपयोगी पडेल असा एक आरोग्यविषयक लेख असावा, असा विश्वस्त मंडळाचा आग्रह असतो. हा लेख एरवी आमच्या डॉक्टरांपैकी कोणीतरी लिहितात. या वेळी मात्र ते काम प्रशासनाकडे सोपविण्यात आले. वैद्यकीय शिक्षण न घेतलेल्या आणि आयुष्यभर जमाखर्चाच्या वह्या लिहिलेल्या माणसाने अशा विषयावर लिहावे काय, हा प्रश्न आमच्याही मनात आला. परंतु ज्या घटनेमुळे हा विषय सुचला, तिच्यात वैद्यकीय बाजूइतकीच व्यवस्थेची बाजूही आहे, आणि तिची जबाबदारी आमची आहे. मजकुरातील वैद्यकीय भाग आमच्या फिजिशियन व दंतवैद्य सहकाऱ्यांनी तपासून दिला आहे, हे येथे कृतज्ञतापूर्वक नमूद करतो.

शेलार हे भिवंडी शहराला लागून असलेले गाव. यंत्रमागांचा खडखडाट, गोदामांकडे जाणारी अवजड वाहने आणि पाळ्यांमध्ये विभागलेला दिवस ही या परिसराची ओळख. आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्यांत मागावरचे कारागीर, गोदामांतील हमाल, आसपासच्या गावांतील शेतकरी आणि पाड्यांवरील आदिवासी कुटुंबे यांचा भरणा मोठा असतो. ताप हे त्यांचे सर्वांत सामान्य गाऱ्हाणे. पावसाळ्यात तर तापाच्या रुग्णांची रांग दरवाजाबाहेर जाते. अशाच एका रांगेत तिशीतील एक यंत्रमाग कारागीर उभा होता.

त्याला पाच आठवड्यांपासून बारीक ताप येत होता. रात्री घाम येई, अन्नावरची वासना उडाली होती आणि वजन घटले होते. या काळात त्याने दोन-तीन ठिकाणी उपचार घेतले. मलेरियाची गोळी झाली, टायफॉइडची तपासणी झाली, क्षयरोगाची शंका घेतली गेली. प्रत्येक ठिकाणी तीन-चार दिवसांची प्रतिजैविके मिळाली. त्यांनी ताप उतरे आणि औषध संपले की पुन्हा चढे. आमच्या बाह्यरुग्ण विभागातही पहिल्या भेटीत हेच घडले, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. दुसऱ्या भेटीत आमच्या डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावून नीट ऐकले, तेव्हा हृदयाच्या ठोक्यांबरोबर एक वेगळा आवाज आढळला. विचारपूस करता लहानपणी सांधे सुजून ताप आल्याची आठवण त्याच्या आईने सांगितली. तोंड उघडून पाहिले, तर खालच्या जबड्यातील एक दाढ पूर्णपणे किडलेली, आणि हिरड्या मिश्रीने काळ्या पडलेल्या.

रक्तातील जंतू शोधण्यासाठी ब्लड कल्चर पाठविले. त्यात काही उगवले नाही. उगवणार कसे? आधीच्या अर्धवट औषधांनी जंतू दबलेले होते, मेलेले नव्हते. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात केलेल्या इकोकार्डिओग्राफीत हृदयाच्या झडपेवर जंतूंची वाढ दिसली. सहा आठवडे शिरेतून औषधे देण्यात आली. रुग्ण वाचला. परंतु उपचार सुरू होण्याच्या सुमारासच झडपेवरील एक कण सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकला आणि त्याची उजवी बाजू लुळी पडली. आज तो चालतो, बोलतो. पण तुटलेल्या सुताची गाठ उजव्या हाताने मारता येत नाही. ज्याचे पोट त्या गाठीवर चालते, त्याच्या दृष्टीने हा केवढा तोटा आहे, हे भिवंडीकरांना वेगळे सांगावयास नको.

या कारागिराला कोणा दुर्मीळ अथवा परदेशी जंतूने गाठले नव्हते. आपणा सर्वांच्या तोंडात जन्मापासून राहणाऱ्या, एरवी कोणाच्याही वाटेला न जाणाऱ्या जीवाणूंवरच डॉक्टरांचा संशय होता. हे कसे घडते, ते समजून घेणे हा या लेखाचा हेतू होय.

तोंडातील वस्ती

मुखातील जीवाणू प्रथम पाहिले ते हॉलंडच्या आन्तोनी फान लेव्हेनहूक या कापड व्यापाऱ्याने. कापडाच्या सुताची प्रत पारखण्यासाठी व्यापारी भिंग वापरीत. त्या भिंगाचा नाद लागून त्याने स्वतःचे सूक्ष्मदर्शक तयार केले. १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीस लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्याच दातांवरच्या पांढऱ्या किटणात हालचाल करणारे असंख्य सूक्ष्म जीव दिसल्याचे कळविले. सूतकापडाच्या धंद्यातून आलेल्या माणसाने हा शोध लावावा, ही गोष्ट आमच्या परिसराला विशेष जवळची वाटेल.

मानवी मुखात जीवाणूंच्या सातशेच्या आसपास जाती आढळल्या आहेत. एका व्यक्तीच्या तोंडात त्यांपैकी शे-दोनशे तरी नांदत असतात. दातांवरच्या एक ग्रॅम किटणात सुमारे दहा हजार कोटी जीवाणू असू शकतात. बाळ जन्मते तेव्हा त्याचे तोंड जवळपास जंतुविरहित असते. परंतु काही तासांतच आईच्या व इतरांच्या सहवासातून ही वस्ती सुरू होते आणि दात उगवल्यावर दातांच्या पृष्ठभागाला चिकटून राहणाऱ्या नव्या जाती येतात.

ही वस्ती म्हणजे शत्रूची छावणी नव्हे. हे जीवाणू जागा अडवून ठेवतात, त्यामुळे अधिक घातक जंतूंना तोंडात पाय रोवणे अवघड जाते. पालेभाज्यांतील नायट्रेटचे नायट्राइट करण्याचे काम जिभेवरील जीवाणू करतात, आणि त्यापासून शरीरात तयार होणारे नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्या सैल ठेवण्यास मदत करते. थोडक्यात, भाडेकरू चांगले आहेत. प्रश्न उद्भवतो तो त्यांनी आपली खोली सोडून दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर.

या भाडेकरूंपैकी सर्वांत मोठे कुटुंब व्हिरिडन्स स्ट्रेप्टोकोकाय या नावाने ओळखले जाते. व्हिरिडन्स म्हणजे हिरवे. प्रयोगशाळेत रक्तमिश्रित माध्यमावर ते वाढविले असता त्यांच्याभोवती हिरवट कडे उमटते, त्यावरून हे नाव पडले. घसा दुखविणारा आणि पुढे संधिवाताचा ताप निर्माण करणारा स्ट्रेप्टोकोकस हा याच घराण्यातला असला तरी वेगळा आहे, हे ध्यानात ठेवावे. त्याचा उल्लेख पुढे येईल.

रक्तात शिरकाव

हिरड्या आणि दात यांच्यामधील फट फार नाजूक असते. हिरड्या निरोगी असतील तर ती मजबूत दरवाजाप्रमाणे बंद राहते. त्या सुजल्या, त्यांतून रक्त येऊ लागले, अथवा दात किडून मुळाशी पू झाला, की दरवाजा उघडा पडतो. लंडनच्या ओकेल आणि एलियट या दोघांनी १९३५ साली दात काढलेल्या रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा दहांपैकी सुमारे सहा जणांच्या रक्तात दात काढताच जीवाणू आढळले. पुढे असे दिसून आले, की दात काढण्यासाठी दंतवैद्याच्या खुर्चीवर बसण्याचीही गरज नाही. हिरड्या रोगट असतील तर साधे चावणे किंवा ब्रश करणे यांनीही जीवाणू रक्तात जातात.

मग आपण सारे आजारी का पडत नाही? कारण यकृत, प्लीहा आणि रक्तातील पांढऱ्या पेशी या पाहुण्यांचा बहुधा काही मिनिटांतच निकाल लावतात. परंतु हृदयाची झडप आधीच खराब असेल, तर हिशेब बदलतो. लहानपणी झालेल्या संधिवाताच्या तापाने झडपेवर व्रण पडलेले असतात, किंवा हृदयात जन्मजात दोष असतो, अथवा कृत्रिम झडप बसविलेली असते. अशा ठिकाणी रक्ताचा प्रवाह खवळतो आणि खडबडीत पृष्ठभागावर रक्तगोठणाचे सूक्ष्म कण साचतात. दातांना चिकटून राहण्याची कला अवगत असलेले हे जीवाणू त्या कणांनाही तितक्याच सहजतेने चिकटतात. त्यांच्यावर आणखी कण साचतात, त्यांत आणखी जीवाणू वाढतात आणि झडपेवर फुलकोबीसारखा गुच्छ तयार होतो. यालाच वैद्यकीय परिभाषेत इन्फेक्टिव्ह एन्डोकार्डायटिस म्हणतात.

या गुच्छात रक्तवाहिन्या नसल्याने शरीराचे संरक्षक आणि औषधे दोन्ही आतपर्यंत कमी प्रमाणात पोहोचतात. म्हणूनच चार-पाच दिवसांच्या गोळ्यांनी ताप उतरतो, पण रोग जात नाही. चार ते सहा आठवडे शिरेतून औषध द्यावे लागते, आणि काहींची झडप शस्त्रक्रियेने बदलावी लागते.

प्रतिजैविकांपूर्वीच्या काळात या रोगातून क्वचितच कोणी वाचे. विख्यात संगीतरचनाकार गुस्ताव माह्लर १९११ साली याच रोगाने दगावले. त्यांच्या हृदयाची झडप आधीपासून सदोष होती आणि रक्तात स्ट्रेप्टोकोकस सापडला होता. १९४० नंतरच्या दशकात पेनिसिलिन हाती आले आणि चित्र पालटले. आपल्या राज्याला याबाबत अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे स्वतंत्र भारतातील प्रतिजैविकांचा पहिला सरकारी कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे स्थापन झाला आणि पेनिसिलिन देशातच तयार होऊ लागले.

हृदयाखेरीज इतर अवयव

मुखातील जीवाणूंचा उपद्रव केवळ हृदयापुरता नाही. आमच्या डॉक्टरांनी आवर्जून लिहावयास सांगितलेले प्रकार येथे थोडक्यात देतो.

मेंदूतील गळू : रक्तातील जीवाणूंना अडविणारी एक चाळणी फुप्फुसांत असते. ज्या बालकांच्या हृदयात जन्मजात दोष असल्याने ओठ व नखे निळसर दिसतात, त्यांचे काही रक्त फुप्फुसात न जाता थेट शरीरात फिरते. अशा बालकाच्या किडलेल्या दातातील जीवाणू मेंदूपर्यंत पोहोचून गळू करू शकतात. अशा बालकाची डोकेदुखी, उलटी किंवा झटका कधीही किरकोळ समजू नये.

जबड्याखालील सूज : खालच्या मागील दाढांच्या मुळाचा पू जिभेखालील व हनुवटीखालील जागेत पसरला, की तोंड उघडत नाही, गिळवत नाही, जीभ वर उचलली जाते आणि श्वासनलिका दबू लागते. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ साली या अवस्थेचे वर्णन केले. तिला आजही त्यांचेच नाव आहे. दाढदुखीवर लवंगेचा बोळा ठेवून आठवडा काढणाऱ्यांच्या बाबतीत हा धोका खरा आहे. श्वास घेताना त्रास होत असेल, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे.

फुप्फुसाचा दाह : झोपेत थोडी लाळ श्वासनलिकेत जाणे सर्वांच्याच बाबतीत घडते. परंतु पक्षाघाताचे रुग्ण, अपस्माराचे रुग्ण, मद्याच्या धुंदीत झोपणारे आणि अंथरुणाला खिळलेले वृद्ध यांना ती खोकून बाहेर टाकता येत नाही. अस्वच्छ मुखातील लाळेबरोबर जीवाणू खाली उतरतात आणि न्यूमोनिया अथवा फुप्फुसात गळू होते. जपानमधील ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षे केलेला अभ्यास १९९९ साली लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांच्या तोंडाची स्वच्छता नियमित राखली, त्यांच्यात न्यूमोनियाचे प्रमाण ११ टक्के, तर इतरांत १९ टक्के आढळले. यात औषध कोणतेही नवे नव्हते. जेवणानंतर दात घासून देणारा माणूस होता.

कर्करोगावरील उपचार : केमोथेरपीने पांढऱ्या पेशी कमी होतात आणि तोंडाची अंतस्त्वचा सोलवटते. पहारेकरी नाहीत आणि भिंतही पडलेली, अशा स्थितीत हेच सौम्य जीवाणू रक्तात शिरून प्राण धोक्यात आणू शकतात. म्हणून उपचार सुरू होण्यापूर्वी दातांची तपासणी करून घेण्याचा सल्ला देतात.

मधुमेह : रक्तातील साखर वाढलेली असेल तर हिरड्यांचा रोग बळावतो, आणि हिरड्यांच्या रोगाने साखर आटोक्यात ठेवणे कठीण जाते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. हे लक्षात घेता मुखाची स्वच्छता ही केवळ शोभेची बाब राहत नाही.

अतिरेकही नको

येथे एका जुन्या चुकीची आठवण ठेवणे इष्ट आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी, सर्व रोगांचे मूळ दातांतच आहे, असे मत पाश्चात्त्य वैद्यकात बळावले. १९१० साली विल्यम हंटर या इंग्रज डॉक्टरांनी दिलेल्या एका व्याख्यानाने त्याला जोर चढला आणि पुढील काही दशके असंख्य लोकांचे धडधाकट दात विनाकारण काढले गेले. रोग मात्र राहिले ते राहिलेच.

दुसरा अतिरेक प्रतिजैविकांचा. दात काढण्यापूर्वी हृदयरोग्याला प्रतिजैविक देण्याची पद्धत अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या १९५५ सालच्या सूचनेपासून रूढ झाली. २००७ साली त्याच संस्थेने ती मर्यादित केली. आता ज्यांना कृत्रिम झडप बसविली आहे, ज्यांना हा रोग पूर्वी होऊन गेला आहे, किंवा ज्यांच्यात काही विशिष्ट गंभीर जन्मजात हृदयदोष आहेत, अशा अतिधोक्याच्या रुग्णांनाच हिरड्यांना इजा होणाऱ्या उपचारांपूर्वी एक मात्रा देण्याची शिफारस आहे. कारण वर्षातून एकदा काढलेल्या दातापेक्षा रोज सकाळ-संध्याकाळ रोगट हिरड्यांतून होणारा शिरकाव एकंदरीने मोठा ठरतो. म्हणजे खरे औषध रोजची स्वच्छता हेच होय.

आमच्या रुग्णांत आणखी एक गैरसमज आढळतो. संधिवाताच्या तापानंतर दर तीन-चार आठवड्यांनी घ्यावयाचे पेनिसिलिनचे इंजेक्शन चालू असले की दातांची काळजी नको, असे काहींना वाटते. ते इंजेक्शन घशातील त्या वेगळ्या स्ट्रेप्टोकोकसपासून संरक्षण देते आणि ते चुकवता कामा नये. परंतु मुखातील जीवाणू त्याला सरावतात. म्हणून अशा रुग्णाने दंतवैद्याकडे जाताना आपण हे इंजेक्शन घेत असल्याचे सांगावे. गरज पडल्यास डॉक्टर वेगळे औषध निवडतात.

आमच्या परिसरापुरते

मिश्री लावणे म्हणजे दात स्वच्छ करणे, ही समजूत आपल्या भागात, विशेषतः स्त्रियांमध्ये, अजून घट्ट आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू होय. तिने हिरड्या बधिर होतात, त्यामुळे दुखणे कळत नाही. दुखणे गेले असे वाटते आणि रोग आत वाढत राहतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ सालापासून बंदी आहे. तरीही रात्रपाळीत झोप मारण्यासाठी तोंडात काहीतरी धरण्याची सवय सुटलेली नाही. भिस्सीत जेवून लगेच मागावर उभ्या राहणाऱ्या कारागिराला दात घासावयास वेळ कोठला, असे आम्हांस विचारले जाते. जेवणानंतर नुसत्या पाण्याने खळखळून चूळ भरण्यास वेळ लागत नाही, आणि रात्री अथवा पाळी संपल्यावर झोपण्यापूर्वी दोन मिनिटे ब्रश करणे कोणालाही शक्य आहे. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी, मिसवाक यांची सवय असलेल्यांनी ती खुशाल चालू ठेवावी. मात्र हिरड्यांना इजा न करता, आतल्या बाजूपर्यंत आणि मऊ केलेल्या टोकाने.

आणि ताप? आठवड्याहून अधिक रेंगाळणारा ताप असेल, तर स्वतःच्या मनाने किंवा दुकानदाराला विचारून प्रतिजैविक घेऊ नये. लहानपणी सांधे सुजले होते काय, हृदयाचा काही दोष सांगितला होता काय, नुकताच दात दुखला किंवा काढला होता काय, या तीन गोष्टी डॉक्टरांना न विचारता सांगाव्यात.

आम्ही काय बदलले

त्या कारागिराची कागदपत्रे विश्वस्त मंडळासमोर ठेवताना आम्हांस संकोच वाटला. चूक कोणा एकाची नव्हती. ब्लड कल्चरचा खर्च रुग्णाला परवडणार नाही, असे गृहीत धरून तो टाळण्याची आमच्याकडे जणू रीतच पडली होती. आणि खर्चात काटकसर करा, अशी परिपत्रके काढणारे आम्हीच होतो. स्वस्त म्हणून जी पहिली गोळी दिली गेली, तीच शेवटी सर्वांत महाग पडली.

म्हणून नियम बदलण्यात आले. रेंगाळलेला ताप आणि हृदयाचा वेगळा आवाज एकत्र आढळल्यास प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी वेगवेगळ्या ठिकाणांहून तीन वेळा रक्त घेऊन कल्चरसाठी पाठविले जाते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी राखून ठेवावयाच्या असतात. त्यासाठीच्या निर्धन रुग्ण निधीतून पात्र रुग्णांच्या या तपासणीचा खर्च केला जातो. दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाचे तोंड बॅटरीच्या प्रकाशात पाहून त्याची नोंद केसपेपरवर केली जाते. पक्षाघाताच्या रुग्णांचे दात दिवसातून दोनदा स्वच्छ करण्याचे काम परिचारिका नातेवाईकांना शिकवितात. हृदयरोगाच्या प्रत्येक रुग्णास दंतविभागात पाठविण्यात येते.

हिशेबनिसाच्या दृष्टीने पाहता यातील कोणतीही बाब ताळेबंदात ठळकपणे दिसणार नाही. न झालेला पक्षाघात, न बदलावी लागलेली झडप, न बुडालेली मजुरी यांसाठी जमेच्या बाजूला रकाना नसतो. तरीही आमच्या मते या वर्षीच्या अहवालातील खरी जमा तीच आहे.

तो कारागीर अजूनही तपासणीसाठी येतो. माग चालवणे त्याला जमत नाही. डाव्या हाताने कांड्या भरण्याचे काम तो करतो. मागील भेटीत त्याने आपल्या लहान मुलाला दंतविभागात आणले होते. आमच्या वाचकांना, देणगीदारांना आणि हितचिंतकांना आमची एवढीच विनंती आहे, की आपल्या घरातील, कारखान्यातील आणि गोदामातील माणसांना एकदा तोंड उघडून दाखवावयास सांगावे. ज्यांच्या हिरड्यांतून रक्त येत असेल त्यांना आमच्याकडे किंवा जवळच्या कोणत्याही दंतवैद्याकडे पाठवावे. तेवढ्याने पुष्कळ काही टळेल.